लाइट गेली म्हणून इन्सुलिन फेकू नका

विश्वामित्री नदी चढली की आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात हमखास कोणीतरी म्हणतं, "फ्रिज बंद, म्हणजे इन्सुलिन गेलं. निदान बर्फात तरी घाला!" ऑगस्ट 2024च्या पुरातही हेच.

दोन्ही चूक. बहुतेक इन्सुलिन 30 अंशांखाली फ्रिजबाहेर साधारण 28 दिवस टिकतं; नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. बाहेर काढलं ती तारीख बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा, पुराच्या धांदलीत वार कोणाला आठवतो?

खरा वैरी बर्फच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्याचा भरवसा उरत नाही. ते मात्र फेकायचंच. त्यापेक्षा आजीचा माठ बरा. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, डबी कोरड्या मडक्यात, मडक्याभोवती ओलं फडकं. पाणी वाळताना गारवा येतो. पावसाळी दमट हवेत तो कमीच येतो म्हणा, पण तेव्हा मे महिन्यासारखी काहिलीही नसते.

घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर गोष्ट वेगळी. ते विजेवाचून चालत नाही. भरलेला सिलिंडर आधीच आणून ठेवा आणि पाणी गल्लीत शिरायच्या आत पेशंटला उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवा.