दिन बुडू द्या, मंग दखा

एप्रिलमधल्या एका दुपारी मी अंगणात लोखंड जाळलं. तापवलं नाही, जाळलंच. दहा मिलिमीटरचा गज, ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी, बाभळीचा लोणारी कोळसा आणि बायकोच्या हेअर ड्रायरचा वारा. वरून खानदेशातलं ऊन. गज तांबडा होण्याची वाट बघत मी वारा सोडत राहिलो, पण तांबडं काही दिसेना. शेवटी बाहेर काढला तर टोकातून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या. ऐरणीवर पहिला घाव बसला आणि टोक ओल्या बिस्किटासारखं चुरलं.

हा प्रकार गावातल्या लोहारआबांना सांगितला. ते हसले नाहीत, भात्यावरचा हातही थांबला नाही. म्हणाले, "सर, आते काय दिसी तुमले? दिन बुडू द्या, मंग दखा."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पदार्थ तापला की प्रकाश टाकतो, हे फळ्यावर लिहून मला वीस वर्षं झाली. पण तो प्रकाश कुठे उभं राहून बघायचा, हे पाठ्यपुस्तकात नसतं. जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये दाखवलं की कुठलाही घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद तांबडा दिसायला लागतो. लोखंड असो, वीट असो की चिनीमाती, सुरुवात तिथेच. पुढे ७५० ते ८०० च्या आसपास चेरीसारखा लाल, ९५० ला नारिंगी, ११०० ला पिवळा आणि १३०० च्या वर जवळपास पांढरा. लोहाराचा थर्मामीटर तो हाच. मात्र तो अंधारातच चालतो. भर उन्हात ७०० अंशांचं लोखंड डोळ्याला काळंच वाटतं. उन्हात जे लालसर दिसतं ते खरं तर केव्हाच पुढे गेलेलं असतं. माझा गज असाच माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेला. फार तापलेलं पोलाद हवेतल्या ऑक्सिजनबरोबर अक्षरशः पेटतं आणि मग ते कुठल्याच कामाचं राहत नाही.

आबांच्या खोपटात मी लहानपणापासून जातो. आखाजीच्या आधी वखराच्या पासा पाजवून घ्यायला वडील मला सोबत न्यायचे. पत्रा बुटका, खिडकी नाही, आत डोळे चुरचुरतात. गरिबी, असं मी धरून चाललो होतो. आता नीट पाहिलं. भट्टी सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आणि पाण्याची कुंडी बरोबर दारात, उजेडात. त्या चार पावलांमध्ये एक अख्खा धडा आहे, त्याकडे पुढे येतोच.

सामानाचं आधी उरकतो. भट्टीला खर्च जवळजवळ नाही, भंगाराच्या दुकानात सगळं मिळतं. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा उत्तम, आणि भुसावळ जवळ असल्यामुळे "आणून देऊ का?" विचारणारेही भेटतात. घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जाड पोलादी ठोकळा चालतो. वाऱ्याच्या नळीला जस्ताचा मुलामा असलेला पाइप अजिबात नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कपडे सुती घालायचे, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि भट्टी बंद खोलीत कधीच लावायची नाही, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता मूळ गोष्ट. लोखंडाचे अणू घनाकार घरं करून बसतात. थंड असताना घनाच्या आठ कोपऱ्यांत एकेक आणि पोटात एक. तापवल्यावर ही बैठक मोडते आणि अणू कोपऱ्यांबरोबर घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर जाऊन बसतात. शुद्ध लोखंडात हे ९१२ अंशांना घडतं. कार्बन मिसळलेला असेल, म्हणजे पोलाद असेल, तर सुरुवात ७२७ लाच होते. नव्या बैठकीत कार्बनला शिरायला ऐसपैस जागा असते. हळूहळू थंड केलं तर बैठक पूर्ववत होताना कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम थंड केलं तर त्याला उतरायला वेळच मिळत नाही. चाळीसगाव स्टँडवर एसटीच्या दारात अडकलेल्या माणसासारखा तो मध्येच चेपला जातो, आजूबाजूच्या अणूंनाही ताणतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. विळ्याला "पाणी देणं" म्हणजे ही गर्दी मुद्दाम करणं. साध्या गजात कार्बन इतका कमी असतो की कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. म्हणून विळा-कोयत्याला गाडीच्या स्प्रिंगचा पाटा लागतो. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्तच. कानशीत एक टक्क्याच्या आसपास.

पाणी द्यायची वेळ आली हे ओळखायला माझ्यासारख्या नवशिक्याला रंगाइतकाच चुंबकाचा आधार. ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं सोडतं. पदार्थांचं चुंबकत्व तापमानाबरोबर कसं बदलतं याचा पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये सविस्तर अभ्यास केला, म्हणून या बिंदूला त्यांचं नाव आहे. चुंबकाने सोडलं की आणखी थोडा ताप द्यायचा, आणि बुडवायचं.

मी बुडवलं ते सबंध पातंच, थंड पाण्यात. "टिच्" असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर गेली. मार्टेन्साइट होताना पोलाद फुगतं. बाहेरचा थर आधी फुगून कडक होतो, आतला मागाहून फुगतो, मग कुठेतरी फाटणारच. पाट्याला पाण्यापेक्षा तेल बरं, कारण ते उष्णता सावकाश ओढतं. आमच्याकडे कापसाची कमी नाही, तेव्हा मी सरकीचं तेल वापरतो, ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून. कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवती झटकन फिरतं. घरात मात्र दोन दिवस भज्यांच्या गाडीसारखा वास.

एवढ्याने विळा तयार होत नाही. असं पोलाद काचेसारखं असतं, दगडावर पडलं तर तुकडे. त्याचा ताण थोडा उतरवायला पुन्हा हलका ताप द्यावा लागतो, आणि इथे दुसरे रंग येतात. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर २२० अंशांच्या पुढे गवती पिवळा चढतो, २५० च्या सुमारास तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० ला निळा. हे रंग लोखंडाच्या आतल्या प्रकाशाचे नाहीत. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा धरतो. त्याच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळून रंग उमटतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तसे. म्हणजे हे रंग दिसायला बाहेरचा उजेड हवा. पहिल्या रंगांना अंधार, दुसऱ्यांना उजेड. आबांच्या भट्टीपासून दारातल्या कुंडीपर्यंतची ती चार पावलं ही अशी.

ते करतात कसं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. सांडशीत लाल विळा, दोन ढांगांत दार. फक्त धार पाण्यात, पाठ बाहेर. चर्र आवाज बसला की वर काढून विटेच्या तुकड्याने धार खसाखस घासायची. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकते आणि घासलेल्या पट्टीवर पिवळा पुढे, तपकिरी मागे, असे रंग चालत येतात. तपकिरी धारेला टेकला की सगळा विळा पाण्यात. वीस सेकंदांचा खेळ. मला अजून जमलेला नाही. मी संध्याकाळी तेलात बुडवून रंग सकाळच्या उजेडात चढवायचो, तर एक पातं रात्रीत आपोआप तडकलं. आता ओट्यावर मोठा दिवा लावलाय आणि दोन्ही कामं लागोपाठ करतो.

खानदेशाला हे नवं नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथे ताम्रपाषाण काळाच्या वरच्या थरांत लोखंडाच्या वस्तू मिळाल्या. आणि वूट्झ नावाच्या भारतीय पोलादाने ज्यांना वेड लावलं त्यांत मायकेल फॅरेडेही होते. १८२० च्या सुमारास त्यांनी जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. फॅरेडेंचे वडील लोहार होते. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची एक-दोन डोकी हमखास वर होतात.

त्यातूनच रविवार सुरू झाला. संध्याकाळी पाच-सहा मुलं-मुली येतात, कधी एखादा पालकही, सुरुवातीला पोरावर नजर ठेवायला आणि नंतर स्वतःच घण मागायला. पातं कुणालाच देत नाही. गजाची खुंटी करायची, भिंतीला ठोकायची. टोक निमुळतं, मग वाक, मग बसायला चपटी जागा. तासाभराचं काम. प्रत्येकाचं निदान एक टोक जळतंच आणि फुलबाजी उडते. तेव्हा मी काही बोलत नाही.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी जुन्या कानशीचा जाड तुकडा लाल करून राखेवर निवायला ठेवला होता. दहावीतली एक मुलगी त्याच्याकडे टक लावून बसली होती. म्हणाली, "सर, विझता विझता परत पेटलं." मी म्हटलं, वारा लागला असेल. ती म्हणाली, वारा नाहीये. तुकडा पुन्हा तापवला, ओट्यावरचा दिवा मालवला आणि सगळे वाकून बघत राहिलो. लाल उतरत गेला, काळसर झाला, आणि मग आतून कुणी फुंकर घातल्यासारखा क्षणभर उजळून परत मावळला. अणू जुन्या बैठकीवर परततात तेव्हा पाणी गोठताना टाकतं तशी उष्णता बाहेर टाकतात, इतकी की निवणारं पोलाद मध्येच थोडं तापतं. विल्यम बॅरेट यांनी १८७३ मध्ये लोखंडाच्या तारेत हेच पाहून त्याला 'रिकॅलेसन्स' असं नाव दिलं. मी ते वाचलं होतं. वर्षभर माझ्याच भट्टीवर ते घडत होतं आणि दर वेळी माझा दिवा चालू होता.

मग गजाचा तुकडा लावून पाहिला. त्यात जेमतेम. पाट्यात बरं, कानशीत स्पष्ट. रविवारी दिवा आता तीच मालवते.