‘अँड देन देअर वेअर नन’: भीषण शेवट मालिकेचा नव्हे, मूळ कादंबरीचाच

बीबीसीने डिसेंबर 2015 मध्ये ही रहस्यकथा तीन भागांत दाखवली, तेव्हापासून असे सांगितले जाते की बेटावरील दहाही जणांचा मृत्यू दाखवणारा शेवट मालिकाकर्त्यांनी आधुनिक प्रेक्षकांसाठी रचला आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या मूळ कथेत त्या दहांपैकी व्हेरा व लोम्बार्ड हे दोघे वाचतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1939 च्या कादंबरीत कोणीही जिवंत उरत नाही. सुखान्त आला तो 1943 च्या नाटकातून, आणि तो स्वतः ख्रिस्तींनीच लिहिला. कारण सगळेच मेले तर रंगमंचावर उलगडा करायला कोणी उरणार नाही, म्हणून त्यांनी या दोघांना त्यांच्यावरील जुन्या खुनांच्या आरोपांतून निर्दोष ठरवून जगवले आणि त्यासाठी, कथेतील मृत्यू ज्या बालगीतानुसार होतात त्याच्या शेवटच्या ओळीचा ‘लग्न झाले’ हा प्रचलित पाठभेद वापरला. रेने क्लेअर यांच्या 1945 च्या चित्रपटाने नाटकाचाच मार्ग धरल्यामुळे तो शेवट रूढ झाला असावा.

मालिकेने बदल केलाच नाही, असे मात्र नव्हे. कादंबरीत खुनी (नाव येथे सांगत नाही) आपला कबुलीजबाब बाटलीत घालून समुद्रात सोडतो. मालिकेत तो अखेरच्या बळीसमोर प्रत्यक्ष उभा राहतो.