हनीकोंब सँडविच पॅनेल: ताठपणाचं मॉडेलिंग

दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला मधमाशीच्या पोळ्यासारखा षटकोनी घरांचा हलका गाभा, म्हणजे हनीकोंब सँडविच पॅनेल. पत्रे ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे, गाभा ॲल्युमिनियम फॉइलचा नाहीतर फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवलेल्या नोमेक्स (अॅरामिड तंतूंच्या) कागदाचा. विमानाच्या फरशीत, सॅटेलाइटच्या पॅनेलमध्ये हेच असतं. वजन टाकल्यावर पॅनेल किती वाकेल हे बनवायच्या आधीच काढणं म्हणजे ताठपणाचं, अर्थात स्टिफनेसचं मॉडेलिंग. (घोडबंदर रोडच्या टॉवरांवर दिसणारी चकचकीत एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलची शीट म्हणजे हे नव्हे हां, तिच्यात बहुतेक वेळा मध्ये भरीव थर असतो, पोळं नाही.)

गंमत जाडीत आहे. एक पत्रा जाडीत मधोमध चिरून दोन पातळ पत्रे केले आणि एकूण जाडी दुप्पट होईल इतके एकमेकांपासून लांब धरले तर वाकण्याला होणारा विरोध ८ वजा १ म्हणजे ७ पट होतो, जाडी चौपट केली तर ६४ वजा २७, ३७ पट. गाभ्याचं वजन त्या मानाने किरकोळ.

पण इथेच लोक फसतात, कारण साध्या बीमच्या सूत्रात गाभ्याचं सरकणं, म्हणजे शिअर, धरलेलंच नसतं. समजा पत्रे १ मिमी ॲल्युमिनियमचे, गाभा २० मिमी नोमेक्सचा, रुंदी १०० मिमी, टेकूंमधलं अंतर ५०० मिमी आणि मधोमध ५०० न्यूटन. नुसत्या वाकण्यामुळे ०.८४ मिमी खाली जातं आणि गाभ्याचा शिअर मॉड्युलस (सरकण्याला होणारा विरोध दाखवणारा आकडा) ४० मेगापास्कल धरला तर शिअरमुळे आणखी ०.७१! शिअर विसरलात तर उत्तर जवळपास अर्धंच येतं. अंतर २ मीटर केलं तर वाकणं ६४ पट वाढतं आणि शिअर फक्त ४ पट, म्हणून लांब पॅनेलला ही चूक लपून जाते.

दुसरा घोळ दिशेचा. वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या सीझनला येणारं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, पन्हळीला समांतर घडी पटकन पडते, आडवी पडता पडत नाही. हनीकोंबमध्ये इतकं टोकाचं नाही, पण फॉइलवर गोंदाच्या रेषा मारून, थर रचून, मग भात्यासारखं ओढून गाभा बनतो, त्यामुळे चिकटलेल्या भिंती दुप्पट जाड राहतात आणि फॉइलच्या पट्टीच्या दिशेला, जिला एल दिशा म्हणतात, शिअर मॉड्युलस तिला काटकोनातल्या डब्ल्यू दिशेच्या साधारण दीड ते दोन पट येतो. वरच्याच पॅनेलला डब्ल्यू दिशेचा २५ मेगापास्कल लावला तर शिअरचे ०.७१ चे १.१३ मिमी होतात.

कॉम्प्युटरवर प्रत्येक घर काढत बसलं तर मॉडेल हलतच नाही, म्हणून पत्र्यांना शेल एलिमेंट (मॉडेलमधले पातळ पत्र्यासारखे तुकडे) आणि गाभ्याला एकसंध पण ऑर्थोट्रॉपिक, म्हणजे तीन काटकोनी दिशांना वेगवेगळे गुणधर्म असलेला ठोकळा धरतात, ज्याला ९ आकडे द्यावे लागतात. हे आकडे एकमेकांपासून फार लांब असतात. भिंतीची जाडी लांबीच्या ०.०२ पट असेल आणि सगळ्या भिंती सारख्या जाड धरल्या तर गिब्सन आणि ॲशबी या पोकळ घरांच्या पदार्थांवर काम केलेल्या संशोधकांच्या सूत्राने ॲल्युमिनियम गाभ्याचा आडवा मॉड्युलस (पत्र्यांना समांतर दिशेचा ताठपणा) जेमतेम १.३ मेगापास्कल येतो आणि उभा (पत्र्यांना काटकोनातला) १,६०० च्या आसपास. आडवा आकडा शून्य टाकू नका, सॉफ्टवेअर रुसतं, छोटा का होईना काहीतरी टाकायचा. आणि एलिमेंटची लोकल दिशा तपासा, एल-डब्ल्यूची अदलाबदल झाली तरी चित्र छानच दिसतं.

पडताळणीसाठी तुकडे दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर टेकवून वाकवतात. खाली जाणं भागिले भार-गुणिले-अंतर हे अंतराच्या वर्गासमोर मांडलं की सरळ रेष येते, तिच्या चढावरून वाकण्याचा ताठपणा निघतो आणि ती जिथे उभ्या अक्षाला छेदते तिथून शिअरचा. फक्त रबाळे-महापेच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तुकडे कापून घेताना मार्करने एल दिशेचा बाण मारून ठेवा, पत्रे चिकटल्यावर बाहेरून काही कळत नाही.