गिलेस्पी, किड अँड कोया

गिलेस्पी, किड अँड कोया ही स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातली वास्तुविशारदांची पेढी. या नावाने ती १९२७ ते १९८७ अशी साठ वर्षे चालली. तिची मुळे मात्र १८३० पर्यंत मागे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य स्कॉटलंडमध्ये तिने उभारलेली कॅथलिक चर्चेस आणि कार्ड्रॉस येथील सेंट पीटर्स सेमिनरी हे धर्मगुरूंचे विद्यालय यांमुळे ब्रिटनच्या आधुनिक वास्तुकलेत तिला फार वरचे स्थान आहे. ज्या दोघांच्या, म्हणजे इझी मेट्झस्टाइन आणि अँडी मॅकमिलन यांच्या, कल्पनेतून या इमारती आल्या, त्यांची नावे पेढीच्या पाटीवर कधीच लागली नाहीत. आणि ज्या एका आश्रयदात्याने, म्हणजे कॅथलिक धर्मसंस्थेने, तिला मोठे केले, त्याचे बळ ओसरताच तिलाही उतरती कळा लागली. पेढीचा इतिहास समजून घ्यायचा तर या दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात.

जेम्स सामन (१८०५–८८) यांनी १८३० मध्ये ग्लासगोत स्वतंत्र काम सुरू केले. शहराच्या पूर्वेकडील डेनिस्टन या उपनगराची आखणी त्यांची. पुढे मुलगा भागीदार झाल्यावर पेढी ‘जेम्स सामन अँड सन’ झाली. त्यांचा नातू, त्याचेही नाव जेम्सच (१८७३–१९२४), आणि जॉन गॅफ गिलेस्पी (१८७०–१९२६) या जोडीने तिला पहिला बहर आणला. सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरची ‘हॅटरॅक’ या टोपणनावाने ओळखली जाणारी इमारत (१८९९–१९०२) एका घराच्या रुंदीच्या जागेवर दहा मजले चढते. दर्शनी बाजूला लाल वालुकाश्म नावापुरता आणि काचच जास्त, अशी तिची रचना आहे. त्यापाठोपाठ होप स्ट्रीटवर लायन चेंबर्स (१९०४–०७) उभी राहिली. पोलादी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये बांधलेल्या या आठ मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंती जेमतेम ४ इंच जाडीच्या आहेत. वास्तुविशारद चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांच्या प्रखर कीर्तीमुळे त्याच शहरातल्या, त्याच काळातल्या या दोघांकडे अभ्यासकांचेही दुर्लक्ष झाले. बांधकामाचे नवे तंत्र बेधडक हाताळण्यात मात्र ते मॅकिंटॉशच्या पुढे होते.

काही वर्षांनी नातू सामन वेगळे झाले. गिलेस्पींनी विल्यम किड यांना भागीदार करून घेतले. १९१५ मध्ये गिलेस्पींच्या कचेरीत जॅक कोया (१८९८–१९८१) नावाचा शिकाऊ उमेदवार दाखल झाला होता. त्याचे आईवडील इटालियन, जन्म इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनचा आणि वाढला ग्लासगोत. शिक्षण संपवून कोया युरोप पाहायला गेले, काही काळ लंडनला राहिले. १९२६ मध्ये गिलेस्पी वारले, तेव्हा कोयांना परत बोलावून भागीदारी देण्यात आली आणि पाटीवर तीन नावे आली. थोड्याच काळात किडही गेले. तीन नावांच्या पेढीत एकटे कोया उरले, हाताशी काम जवळजवळ नव्हते आणि समोर मंदी उभी होती.

काम मिळाले ते कॅथलिक धर्मसंस्थेकडून. स्कॉटलंड हा प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाचा देश. आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या मजुरांच्या आणि थोड्या इटालियन कुटुंबांच्या वस्तीमुळे ग्लासगोत व आसपास कॅथलिकांची संख्या मोठी होती. समाज गरीब होता आणि त्याला चर्चेस हवी होती. कोया स्वतः कॅथलिक होते. त्यांनी थेट ग्लासगोचे आर्चबिशप डोनाल्ड मॅकिंटॉश यांची भेट घेऊन काम मागितले, आणि त्यातून डेनिस्टनमधील सेंट ॲन्स चर्च (१९३१–३३) उभे राहिले. सामनांनी आखलेल्या उपनगरातच पेढीचे पहिले चर्च व्हावे, हा सुखद योगायोग म्हणायला हवा. त्यानंतर ग्रीनॉकचे सेंट पॅट्रिक्स आणि ग्लासगोतील सेंट कोलंबाज ही चर्चेस झाली. ग्लासगो हे दगडाचे शहर, पण कोयांनी स्वस्त म्हणून वीट घेतली. इटालियन चर्चच्या दर्शनी भागाचा डौल त्यांनी अशा सफाईने विटेत उतरवला की काटकसर कुठे जाणवत नाही. १९३८ च्या एम्पायर एक्झिबिशन या ग्लासगोतल्या मोठ्या प्रदर्शनातला कॅथलिक मंडपही याच पेढीचा. त्या काळातल्या आराखड्यांत टी. वॉर्नेट केनेडी या तरुण सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. पुढे महायुद्धामुळे कामे थांबली.

१९४५ मध्ये इझी मेट्झस्टाइन (१९२८–२०१२) उमेदवार म्हणून कचेरीत आले. ते बर्लिनच्या ज्यू कुटुंबातले. १९३९ मध्ये नाझी जर्मनीतून ज्यू मुलांना ब्रिटनमध्ये हलवणाऱ्या मोहिमेतून ते स्कॉटलंडला पोचले होते. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे वर्ग, असे ते शिकले. तिथेच त्यांची ग्लासगोच्या मॅरीहिल भागातल्या अँडी मॅकमिलन (१९२८–२०१४) यांच्याशी मैत्री झाली. १९५४ मध्ये मॅकमिलनही पेढीत आले. कोया यांनी या दोघांच्या हाती आराखडे सोपवले आणि स्वतः धर्मसंस्थेशी असलेले संबंध सांभाळले. मालकाने पंचविशीतल्या मुलांना इतकी मोकळीक देणे ही सोपी गोष्ट नव्हे. कोयांचे मोठेपण मला सर्वांत जास्त इथे दिसते.

ग्लेनरोथस या नव्या नगरातले सेंट पॉल्स (१९५६–५७) हे या जोडीचे पहिले मोठे पाऊल. पांढऱ्या रंगाच्या साध्या भिंतींचे हे छोटे चर्च फार थोड्या पैशांत झाले. वेदीवरचा भाग उंच नेऊन त्यातून प्रकाश खाली सोडलेला आहे. वेदीमागचे धातुशिल्प बेन्नो शॉट्झ यांचे. ईस्ट किलब्राइडचे सेंट ब्राइड्स (१९५७–६४) म्हणजे टेकडीवरची विटांची प्रचंड पेटी. बाहेरून जवळजवळ बिनखिडक्यांची, आत मात्र भिंतींच्या जाडीतून आणि छतातून प्रकाश झिरपतो. किलसिथचे सेंट पॅट्रिक्स आणि पुन्हा डेनिस्टनमध्येच झालेले अवर लेडी ऑफ गुड काउन्सेल ही १९६५ च्या सुमाराची चर्चेस. आधुनिक वास्तुकलेतले अग्रणी ले कॉर्ब्यूझिए यांच्या कामाचा प्रभाव यांत उघड आहे. तरी विटेवरचा हात आणि मंद उत्तरेकडच्या उजेडाची जाण या जोडीची स्वतःची.

पेढीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे क्लाइड नदीच्या उत्तर तीरावर, कार्ड्रॉस गावाजवळच्या रानात उभारलेली सेंट पीटर्स सेमिनरी. सेमिनरी म्हणजे धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांचे निवासी विद्यालय. किलमाहू हाऊस या जुन्या वाड्याला तीन बाजूंनी वेढून नव्या इमारती योजल्या होत्या. बांधकाम १९६१ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये सेमिनरी उघडली. मुख्य इमारतीत खाली प्रार्थनागृह आणि भोजनगृह, आणि त्यांच्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. राहणे, जेवणे आणि प्रार्थना हे एकाच छताखाली, एकमेकांच्या नजरेत राहील असा हेतू त्यामागे होता. अभ्यासवर्गांची इमारत उतारावरून बाहेर झेपावते. शंभरेक विद्यार्थ्यांची सोय असलेली ही वास्तू कधीच पूर्ण भरली नाही.

त्याचे कारण रोमकडे शोधावे लागते. इमारत बांधून होत असतानाच दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) भरली. तिच्यानंतर धर्मगुरूंचे शिक्षण वस्तीपासून दूर, बंदिस्त आवारात देण्यापेक्षा लोकांमध्ये राहून द्यावे, या विचाराला बळ मिळाले. धर्मगुरू होणाऱ्यांची संख्याही घटत गेली. शिवाय पाणी गळत होते, आणि ऊब व दुरुस्ती यांवर खर्च फार होत होता. ज्या जीवनक्रमासाठी ही वास्तू आखली, तो दाराशी पोचेपर्यंतच जुना झाला होता. १९८० मध्ये सेमिनरी बंद पडली.

गळतीचा ठपका पेढीच्या अनेक चर्चवर आला. सपाट छपरे, अपुरा निधी, नवखे तपशील आणि देखभालीची हेळसांड हे सगळे एकत्र आले. वास्तुविशारद यात पूर्ण निर्दोष होते असे म्हणता येत नाही. पण हात राखून दिलेल्या पैशांत बांधलेल्या चर्चला ओल लागली, याचा सारा दोष त्यांच्या माथी मारणेही अन्याय्य आहे. सेंट ब्राइड्सचा घंटामनोरा १९८३ मध्ये उतरवण्यात आला, आणि ड्रमचॅपलचे सेंट बेनेडिक्ट्स १९९१ मध्ये पाडले गेले.

कोयांना १९६९ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे रॉयल गोल्ड मेडल मिळाले. तोवर चर्चची कामे आटत चालली होती. पेढी विद्यापीठांकडे वळली. केंब्रिजचे रॉबिन्सन कॉलेज (१९७४–८०) हे तिचे शेवटचे मोठे काम. लाल विटांच्या, किल्ल्यासारख्या या इमारतीच्या प्रार्थनागृहात जॉन पायपर यांची रंगीत काच आहे. मॅकमिलन १९७३ पासून १९९४ पर्यंत ग्लासगोतील मॅकिंटॉश स्कूल ऑफ आर्किटेक्चरचे प्रमुख होते. मेट्झस्टाइनही पुढे अध्यापनात रमले. स्कॉटलंडच्या वास्तुविशारदांच्या दोन पिढ्या या दोघांच्या हाताखालून गेल्या, त्यामुळे पेढीचा प्रभाव तिच्या इमारतींपेक्षा दूरवर पोचला. कोया १९८१ मध्ये वारले, आणि १९८७ मध्ये कचेरी बंद झाली.

सेंट पीटर्सला १९९२ मध्ये स्कॉटलंडमधील सर्वोच्च म्हणजे ‘अ’ श्रेणीचे वारसा संरक्षण मिळाले. किलमाहू हाऊस आगीनंतर १९९५ मध्ये पाडावे लागले. पडीक सेमिनरीत काँक्रीटचा सांगाडा तेवढा उरला. तिच्या पुनर्वापराच्या अनेक योजना आल्या आणि बारगळल्या. २०१६ मध्ये तिथे प्रकाश आणि ध्वनी यांचा एक कलाप्रयोग झाला. २०२० मध्ये ग्लासगो धर्मप्रांताने ती जागा किलमाहू एज्युकेशन ट्रस्टकडे सोपवली. पेढीचे आराखडे आणि कागदपत्रे ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या संग्रहात आहेत. ज्या शाळेत मेट्झस्टाइन आणि मॅकमिलन संध्याकाळच्या वर्गांना जात, तीच ही शाळा.