अंदमान की लक्षद्वीप: गळ कुठे टाकायचा आणि कधी

मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुण्यातल्या सगळ्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते: मान्सून अंदमानात दाखल. उन्हानं कावलेला पुणेकर ती वाचून सुखावतो, कारण आता पाऊस इथवर यायला फार दिवस नाहीत. पण समुद्रात मासे गरवायला जायचं मनात असेल, तर त्या बातमीचा अर्थ एवढाच की अंदमानचा हंगाम संपला. पुढे केरळची बातमी आली की लक्षद्वीपचाही संपतो.

‘अंदमानचं नाही जमलं तर लक्षद्वीपला जाऊ’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, विशेषतः 2024च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले तेव्हापासून. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही केंद्रशासित प्रदेश, दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर, दोन्हीकडे नारळ, प्रवाळ आणि फोटोत सारखंच दिसणारं निळं पाणी. नुसतं फिरायला जाणाऱ्याला त्यातलं कुठलंही चालेल. गळ घेऊन जाणाऱ्याचं तसं नाही. मासा, तो धरायची रीत, महिना, परवाना, सगळंच दोन्हीकडे वेगळं आहे आणि त्याचं मूळ पाण्याखालच्या जमिनीत आहे.

अंदमान म्हणजे बुडालेली डोंगररांग. म्यानमारच्या आराकान योमा पर्वताचाच तो समुद्रातला विस्तार. सह्याद्री निम्म्याहून जास्त पाण्यात गेला आणि राजगड, तोरणा, सिंहगड यांचे माथे तेवढे वर राहिले तर जे दिसेल, साधारण तसं. म्हणून बेटांभोवती पाण्याखाली सपाट्या आहेत, कडे आहेत, खिंडी आहेत, मधूनच वर न आलेले उंचवटे आहेत. पोर्ट ब्लेअरच्या (2024 पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) आग्नेयेला ‘इन्व्हिजिबल बँक’ नावाचा असाच एक उंचवटा आहे. ईशान्येला सुमारे 135 किलोमीटरवर बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, आणि त्याच्या कडेला पाणी एकदम खोल जातं. बेटांवर दाट जंगल, खाड्या आणि तिवरं. तिवरांच्या मुळांत लहान मासे वाढतात, ओहोटीबरोबर बाहेर येतात, आणि खिंडीच्या तोंडाशी मोठे शिकारी मासे टपून बसलेले असतात.

लक्षद्वीपमध्ये डोंगर नाही, नदी नाही. 36 बेटं, सगळ्यांची मिळून जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर. ही प्रवाळांनी बांधलेली कंकणाकृती बेटं. बहुतेक ठिकाणी जमीन प्रवाळाच्या कड्याच्या पूर्व बाजूला असते आणि पश्चिमेला उथळ, शांत लगून, म्हणजे कड्यानं अडवलेलं समुद्राचं पाणी, पसरलेलं असतं. या सगळ्या लगूनचं क्षेत्रफळ सुमारे 4,200 चौरस किलोमीटर भरतं. म्हणजे लक्षद्वीप हा मुख्यतः पाण्याचाच प्रदेश. कड्याच्या बाहेर बोट काढली की तळ झपाट्यानं शेकडो मीटर खाली जातो, आणि तिथून पुढे मोकळा अरबी समुद्र.

आता मासे. अंदमानात लोक जातात ते मुख्यतः जायंट ट्रेव्हलीसाठी. गळवाले त्याला नुसतं ‘जीटी’ म्हणतात. रुंद कपाळाचा, आडदांड, वीस-तीस किलोपर्यंत सहज वाढणारा मासा. खडकाशेजारी फेस फुटतो तिथे पॉपर, म्हणजे तोंडाशी खोलगट असलेलं लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष, लांब फेकायचं आणि झटके देत ओढायचं. ‘डुबुक डुबुक’ आवाज होतो, पाणी उडतं, जीटीला वाटतं जखमी मासा पळतोय. तो खालून येतो आणि आमिषावर तुटून पडतो. पहिले पाच-सात सेकंद सगळं ठरवतात, कारण गळ लागल्याबरोबर तो सरळ खडकाकडे धावतो आणि दोरी प्रवाळाला घासली की तुटलीच. खोल पाण्यात जिग, म्हणजे शिशाचं जड आमिष, सोडून झटक्यानं वर खेचलं तर डॉगटूथ टूना, हेकरू, तांबोशी लागतात. चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेलं तर वाहू, बॅराकुडा, नशीब असेल तर सेलफिश.

लक्षद्वीपमध्ये जीटी नाही असं नाही, अंदमानात टूना नाही असंही नाही. पण लक्षद्वीपचा जीव कुप्यात, त्यातही स्किपजॅक टूनात आहे, आणि तो धरायची त्यांची रीत बघण्यासाठी मी तरी एवढा प्रवास आनंदानं करीन. सगळ्यात दक्षिणेचं मिनिकॉय बेट तिचं माहेर. तिथून 1960 नंतरच्या काळात यांत्रिक बोटींबरोबर ती अगत्ती आणि इतर बेटांवर पसरली.

सकाळी आधी लगूनमध्ये जाळं टाकून बोटभर लांबीचे चंदेरी मासे धरतात. ते जिवंत राहायला हवेत, म्हणून बोटीच्या पोटातच एक हौद असतो आणि त्यात समुद्राचं पाणी खेळत राहतं. मग बोट कड्याबाहेर जाते आणि सगळ्यांचे डोळे पक्ष्यांकडे लागतात. पक्ष्यांचा थवा पाण्यावर घिरट्या घालताना दिसला की खाली टूनाचा थवा आहे. एक जण हौदातले मासे मुठीमुठीनं बाहेर फेकतो. त्याच वेळी पाण्यावर सपासप पाणी शिंपडतात, म्हणजे वरून लहान माशांचा सुळसुळाट चालल्यासारखा वाटतो. टूना बेभान होतो. बोटीच्या मागच्या फळीवर ओळीनं उभे असलेले लोक काठीला बांधलेला आखूड दोरीचा, बिनकाट्याचा गळ पाण्यात सोडतात, आणि लागला की मासा डोक्यावरून मागे उडवतात. गळाला अडकवायचा काटा नसल्यामुळे दोरी सैल पडली की मासा आपोआप सुटून बोटीत पडतो. हात लावायचा नाही, वेळ घालवायचा नाही, लगेच काठी परत पाण्यात. मिनिकॉयमध्ये हा मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखा टणक करतात. त्याला ‘मास’ म्हणतात.

या साखळीची पहिली कडी प्रवाळ आहे. आमिषाचे ते लहान मासे लगूनच्या प्रवाळाच्या आसऱ्यानं राहतात. 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापून लक्षद्वीपचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. प्रवाळ मेला की आमिष घटतं, आणि आमिष नसेल तर बाहेर टूना असूनही बोट रिकामी परत येते. म्हणून लगूनमध्ये नांगर टाकणारा, प्रवाळावर उभा राहून फोटो काढणारा पर्यटक थेट तिथल्या लोकांच्या जेवणावर पाय देत असतो. हे आपण जाणाऱ्यांनी मनावर घेतलंच पाहिजे.

कधी जायचं, यात पुणेकराची खरी अडचण होते, कारण आपल्या सुट्ट्या दिवाळी, नाताळ आणि मे अशा बांधलेल्या असतात आणि समुद्राला त्यांच्याशी देणंघेणं नाही. नैर्ऋत्य मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो, केरळात साधारण 1 जूनला. परतीच्या वेळी ईशान्येचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंदमानला पुन्हा गाठतो. बंगालच्या उपसागरातली वादळंही बहुतेक याच सुमारास. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, लक्षद्वीपच्या जवळपास दुप्पट. म्हणून दिवाळीत अंदमानची बोट ठरवू नका. डिसेंबरच्या मध्यापासून समुद्र सुधारतो, आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कधीकधी तो इतका गुळगुळीत असतो की दूरच्या उंचवट्यांपर्यंत लहान बोटही जाऊ शकते. जीटीसाठी हीच वेळ. होळीच्या आसपास जोडून रजा मिळत असेल तर डोळे मिटून घ्या.

लक्षद्वीपला ऑक्टोबरपासून जाता येतं, पण डिसेंबर ते मार्च सगळ्यात भरवशाचे. तरी डिसेंबर लागला म्हणून निर्धास्त राहू नये: 2017 साली ओखी चक्रीवादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच मिनिकॉयवरून गेलं. मे महिन्याचंही तेच, 2021 मध्ये तौक्तेनं मध्य मेमध्ये लक्षद्वीपला झोडपलं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते. हवामान खात्याच्या इशाऱ्याबरोबर तोही बघायची सवय लावून घ्या.

मे महिन्याच्या विरोधात आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याचं. केंद्र सरकारची 61 दिवसांची मासेमारी बंदी अंदमानला पूर्व किनाऱ्याबरोबर, म्हणजे 15 एप्रिल ते 14 जून लागू असते. लक्षद्वीपला पश्चिम किनाऱ्याबरोबर, 1 जून ते 31 जुलै. हे दिवस माशांच्या पैदाशीसाठी राखलेले आहेत आणि बंदी यांत्रिक मासेमारी बोटींसाठी आहे. तुमची हौशी बोट त्या नियमात बसते की नाही, यावर कीस पाडत बसण्यापेक्षा त्या दिवसांत गळ न टाकणं मला योग्य वाटतं. मुलांच्या मेच्या सुट्टीत अंदमानला जरूर जा, सेल्युलर जेल त्यांना दाखवायलाच हवं, पण रॉड घरी ठेवा.

महिना ठरला की तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढउतार करतं. अंदमानात ते साधारण दोन मीटर, लक्षद्वीपला त्याहून कमी. अंदमानच्या खिंडींतून उधाणाचा प्रवाह जोरात धावतो आणि जीटी त्यातच शिकार करतात, म्हणून पॉपिंगवाले अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे जातात. जिगिंगला उलट भांग बरा, नाहीतर जिग तळापर्यंत सरळ जातच नाही. लक्षद्वीपच्या टूनाला तिथीपेक्षा आमिष आणि पक्षी जास्त महत्त्वाचे. तिथे लगूनच्या तोंडाशी गळ टाकणाऱ्यानंच भरती-ओहोटी बघावी.

घड्याळाचीही एक गंमत आहे. लक्षद्वीप पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, पण अंदमान सुमारे 19 रेखांश पूर्वेला. घड्याळ मात्र एकच. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास तरी आधी उगवतो आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधारून येतं. पुण्याच्या सवयीनं सहाला उठलात तर सकाळचा सगळ्यात चांगला तास हातचा गेला.

परवान्यांचं थोडक्यात. पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप इथे भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. पण वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान इथे मासेमारी चालत नाही, आदिवासी राखीव भागांत जाता येत नाही, आणि नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या भोवतीच्या पाण्यातसुद्धा शिरायला बंदी आहे. बोटवाल्यानं ‘जरा जवळून जाऊ’ म्हटलं तरी ठाम नाही म्हणा. आपल्या अंगावरचा साधा सर्दी-खोकलासुद्धा तिथल्या आदिवासींच्या जिवावर बेतू शकतो. लक्षद्वीपला बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नयेत. अगत्तीला कोचीहून विमान जातं, इतर बेटांवर कोचीहून जहाजानं जाता येतं. बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे. आणि स्थानिक लोकांचं पोट याच समुद्रावर आहे, हे तिथे प्रत्येक पावलाला जाणवतं, तेव्हा त्यांच्या बोटीवर त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नये.

धरलेला मासा खायचा का, हा प्रश्न पुण्यात प्रत्येक जण विचारतो. लक्षद्वीपचा स्किपजॅक खुशाल खा, तो झपाट्यानं वाढतो आणि काठी-गळात नको ते मासे जवळजवळ अडकतच नाहीत. अंदमानचा मोठा जीटी मात्र सोडून द्यावा. प्रवाळाजवळ राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत कधीकधी सिग्वाटेरा नावाचं विष साठतं, ते शिजवून जात नाही आणि चवीला कळत नाही. शिवाय इतका मोठा मासा पुढची अनेक वर्षं अंडी घालणारा असतो. तिहेरी गळाऐवजी काटा चेपलेला एकेरी गळ वापरा, मासा ओल्या हातांनी दोन्हीकडून धरा, फोटो एक-दोनच काढा आणि त्याला पाण्यात धरून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबा.

खडकवासला किंवा पानशेतच्या काठावर कणकेचा गोळा लावून रोहू-कटला धरणाऱ्यांसाठी शेवटचं. ते सामान समुद्रात चालणार नाही. जीटीला खाऱ्या पाण्याची मोठी स्पिनिंग रील, ऐंशी-शंभर पौंडांची ब्रेडेड दोरी आणि पुढे त्याहून जाड लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला तुकडा, लागतो. पहिल्या खेपेला हे विकत घेऊ नका. अंदमानातल्या मासेमारी चार्टरवर रॉड-रील भाड्यानं मिळते का ते आधी विचारा, आणि त्याच फोनवर लाइफ जॅकेट, वायरलेस आणि बोटीचा परवाना याबद्दलही विचारून घ्या. अगत्तीला छोटी विमानंही जातात, तेव्हा लांब रॉडची नळी आणि शिशाची जिगं यांचं वजन तिकिटाच्या आधी विमान कंपनीला सांगा. स्वतःचं नेण्यासारखं म्हणजे हातमोजे, पोलराइज्ड चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उलटीची गोळी आणि गळ कापायची मजबूत पक्कड. गोळी बोट निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, लाटा लागल्यावर नाही.