हौदातील कासवपालन (थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील)

अंगणात, परसात किंवा बागेत बांधलेल्या उघड्या हौदात अथवा छोट्या तळ्यात पाणकासवे बारमाही ठेवण्याची पद्धत. काचेच्या टाकीतील कासवाला दिव्याची ऊब मिळते. हौदातील कासवाचे ऊन, भूक आणि हिवाळ्यातील सुस्ती हे सारे ऋतुमानावर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत ग्वाल्हेरचे हवामान डोळ्यांसमोर ठेवले आहे. येथे जानेवारीत किमान तापमान सरासरीने ७° से.च्या आसपास असते, थंडीच्या लाटेत ते आणखी खाली जाते, आणि मे महिन्यात दुपारचा पारा ४२ अंशांच्या घरात किंवा वर असतो. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे अनुभव येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. बर्फाळ प्रदेशांसाठी लिहिलेले सल्ले तर काही बाबतींत उलटे ठरतात.

प्रथेचे मूळ : हौदात वा आडात कासव असण्याची परंपरा कोठून आली, याची दोन प्रकारे उपपत्ती लावता येते. पहिलीनुसार ती दख्खनमधून आली. आडातील किडे-शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यात कासव सोडण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यांत होती. शिवालयात नंदी आणि गाभारा यांच्या दरम्यान फरशीत कोरलेले कासव तर सर्वपरिचित आहे. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचे लश्कर हे शहर झाले. तेथे आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर ही रीतही आली असावी, असे या बाजूने म्हणता येते.

दुसरी उपपत्ती स्थानिक आहे. यमुनेचे वाहन कूर्म होय. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातच मोडणाऱ्या विदिशेजवळील उदयगिरीच्या पाचव्या क्रमांकाच्या गुंफेत भव्य वराहपट आहे. त्याच्या बाजूंना मकरावर उभी गंगा आणि कासवावर उभी यमुना कोरलेली आहे. हा पट सामान्यतः इ. स. पाचव्या शतकाच्या प्रारंभीचा मानतात. म्हणजे चंबळ-यमुनेच्या या पट्ट्यात कासवाला मान होता, तो मराठे येण्यापूर्वी किमान तेराशे वर्षे. मात्र मूर्तिशिल्पावरून पूज्यभाव सिद्ध होतो, पाळण्याची प्रथा सिद्ध होत नाही. हीच मर्यादा नंदीपुढच्या कासवालाही लागू आहे.

या दोन्हींहून साधे स्पष्टीकरण प्राण्याच्या स्वभावात सापडते. उत्तर भारतात ‘सुंदरी’ या नावाने ओळखले जाणारे झडपी कासव (लिसेमिस पंक्टाटा) डबकी, कालवे, भातखाचरे यांत राहते, पावसाळ्यात जमिनीवरून चालत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते आणि पाणी आटले की चिखलात पुरून घेते. सूरजकुंड, मानसरोवर, जौहर ताल अशी तळी किल्ल्यावर आणि आड-बावड्या खाली शहरात असताना अशा प्राण्याला कोणी आणून सोडण्याची गरज नव्हती. ते आपल्या पायांनी आले आणि लोकांनी त्याला हाकलले नाही, एवढ्यावरच बहुतेक ठिकाणी परंपरा उभी राहिली असावी. जाणीवपूर्वक पाळणे ही बरीच अलीकडची गोष्ट आहे.

कोणते कासव : येथे कायदा निर्णायक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सुंदरी कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, विकत घेणे, घरी ठेवणे हा गुन्हा असून शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) अनुसूचींची फेररचना झाली. तारांकित कासवही आता पहिल्या अनुसूचीत आहे. चंबळच्या पात्रातील लाल मुकुटाचे कासव (बटागुर कचुगा) तर जगातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांपैकी एक. देशी कासव हौदात आढळल्यास वन विभागाला कळवावे.

व्यवहारात घरोघरी दिसते ते लाल कानाचे कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर (ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स). मूळ मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार असते. मादी वाढून २५ सेंमी.च्या पुढे जाते आणि वीस-तीस वर्षे जगते. घेताना हे कोणी सांगत नाही. टाकीत मावेनासे झाले की मग हौदाचा विचार सुरू होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिघरा, सागरताल किंवा एखाद्या मंदिराच्या कुंडात सोडण्याचा. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परकीय आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. अन्न आणि ऊन घेण्याच्या जागा बळकावून ते देशी कासवांना हुसकावते. पुण्य समजून सोडलेले एक कासव चंबळच्या खोऱ्यात नक्की काय करील, याचा विचार सोडणाऱ्याने करायलाच हवा.

हिवाळ्यातील शरीरक्रिया : कासव शीतरक्ताचे असल्याने पाणी गार होईल तसा त्याचा चयापचय मंदावतो, तापमान दहा अंशांनी उतरले तर शरीरक्रियांचा वेग साधारण निम्मा किंवा तिसरा हिस्सा उरतो. पाणी १५° से.खाली गेले की पचन जवळजवळ थांबते, १० अंशांच्या आसपास खाणे बंद होते आणि कासव तळाशी जाऊन पडून राहते. सस्तन प्राण्यांच्या शीतनिद्रेहून ही अवस्था वेगळी आहे. मधल्या उबदार दिवशी कासव जागे होते, हलते, श्वास घ्यायला वर येते.

पाण्याखाली आठवडेच्या आठवडे ते कसे तगते, यावर बराच काथ्याकूट झालेला आहे. गुदद्वाराजवळील पिशव्यांनी कासव श्वास घेते, हे विधान लोकप्रिय लेखनात हमखास आढळते. ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय नदीच्या कासवाबाबत (ऱ्हिओडायटिस ल्युकॉप्स) ते खरे आहे. स्लायडर व त्याच्या कुळातील कासवांत मात्र या मार्गाचा वाटा थोडाच दिसतो. त्वचा आणि घशाचे अस्तर यांतून होणाऱ्या वायुविनिमयाला अधिक महत्त्व देणे सयुक्तिक वाटते. प्राणवायू संपल्यावर काय होते, याचा उलगडा अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील डोनाल्ड जॅक्सन यांच्या संशोधनाने झाला. रंगीत कासव (क्रायसेमिस पिक्टा) ३° से.च्या प्राणवायुविरहित पाण्यात तीन महिन्यांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. या काळात शरीरात साचणारे लॅक्टिक आम्ल कवचच निष्प्रभ करते. कवच व हाडे यांतील कार्बोनेटे रक्तात उतरतात आणि लॅक्टेटचा मोठा भाग कवचात साठवला जातो. ही क्षमता सर्व कासवांत सारखी नाही. स्लायडर रंगीत कासवापेक्षा कमी तग धरते आणि मऊ पाठीची कासवे त्याहून पुष्कळच कमी, हे गॉर्डन उल्टश यांच्या तुलनात्मक अभ्यासांतून स्पष्ट होते.

हे सारे संशोधन बर्फाखालच्या तळ्यांना समोर ठेवून झाले आहे. तेथे पृष्ठभाग गोठतो, तळाशी सर्वांत जड असे ४ अंशांचे पाणी स्थिर राहते आणि धोका असतो तो प्राणवायू संपण्याचा. ग्वाल्हेरात हौद गोठत नाही. येथील धोका चढउताराचा आहे. धुक्याच्या आठवड्यात पाणी गारठलेले असते. मग ऊन पडते, दुपार २२–२३ अंशांवर जाते आणि रात्री पुन्हा कडाका. उथळ हौदातील पाणी या प्रत्येक हेलकाव्याबरोबर तापते आणि निवते. कासव धड निजत नाही, धड जागे राहत नाही. दुपारी भुकेले दिसते म्हणून घरचे लोक खाऊ घालतात, रात्री पचन थांबते आणि अन्न आतड्यात कुजते. जानेवारी-फेब्रुवारीत येथे दगावणाऱ्या कासवांमागे थंडीपेक्षा हे दुपारचे खाऊ घालणेच अधिक असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हौद : म्हणून खोली हीच मुख्य गोष्ट. परदेशी पुस्तकांत ती बर्फासाठी सांगितलेली असते, येथे ती तापमानाचे हेलकावे कमी करण्यासाठी हवी. निदान अडीच-तीन फूट खोल भाग असावा, तोही उत्तर भारतीय हिवाळ्यातले तिरपे ऊन थेट पोहोचणार नाही अशा बाजूला. दुसरी बाजू उतरती व उथळ ठेवून तिच्यावर विटांचा किंवा दगडाचा ओटा करावा. गुळगुळीत सिमेंटच्या उभ्या भिंतींवर सुस्तावलेल्या कासवाला चढता येत नाही आणि ते बुडून मरते. तळाशी वीतभर माती व पालापाचोळ्याचा थोडा थर चालतो, पण कुजका गाळ शरद ऋतूतच काढून घ्यावा, कारण नंतर तळ ढवळणे म्हणजे कासवाला उठवणे. हौदाभोवती दीड-दोन फूट उंचीची भिंत वा जाळी हवी. कुत्री, मुंगूस आणि माकडे यांपासून रक्षण होते, आणि मादी अंडी घालायला बाहेर पडते तेव्हा हरवत नाही.

दिनक्रम : खाणे दिवाळीनंतर कमी करत आणावे आणि पाणी १५ अंशांच्या खाली स्थिरावण्याच्या दोन आठवडे आधी पूर्ण थांबवावे. पाण्याचा तापमापक दोनशे रुपयांच्या आत मिळतो; अंदाजापेक्षा त्यावर विसंबावे. डिसेंबरच्या अखेरीस निरोगी कासव तळाच्या कोपऱ्यात पाय किंचित पसरून, डोळे मिटून पडलेले असते आणि पाठीवर शेवाळाची बारीक लव धरलेली असते. मागच्या पावलाला काठी हळूच लावली तर पाऊल सावकाश आत ओढले जाते. एवढी खूण पुरेशी आहे. धुके विरलेल्या दिवशी अकराच्या सुमारास तेच कासव ओट्यावर येते, मान ताणते, मागचे पाय हवेत सरळ करून बोटांमधले पडदे उन्हाला उघडे करते आणि सावली आली की पुन्हा पाण्यात जाते. अशा कासवाला खायला देऊ नये. पाण्यात तिरके तरंगणारे, तोंड उघडून श्वास घेणारे, सुजलेल्या डोळ्यांचे किंवा कवचावर मऊ दुर्गंधी डाग असलेले कासव मात्र आजारी समजावे. त्याला शेगडीजवळ ठेवून एकदम तापवू नये. घरातल्या साध्या तापमानात एक-दोन दिवसांत हळूहळू आणावे आणि पशुवैद्याला दाखवावे. कवच दहा सेंमी.हून लहान असलेली पिले व त्या वर्षी आजारी पडलेली कासवे हिवाळाभर घरातच ठेवावीत.

होळीच्या आसपास पाणी सलग १८–२० अंशांवर राहू लागले की खाणे पुन्हा सुरू करतात, प्रथम थोडी पालक-शिंगाड्याची पाने, मग गांडुळे, मासळीचे तुकडे. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कासवाच्या अंगावर सालमोनेला जंतू असतात, आणि अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे ती याचमुळे.

उन्हाळा : तीच खोली उन्हाळ्यातही उपयोगी पडते. एप्रिलपासून निम्म्या हौदावर ताटी किंवा वेल चढवावा, बाष्पीभवनाने घटलेले पाणी सायंकाळी भरावे.

प्रजनन : मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते. पिलांचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंशांच्या खाली नर अधिक, वर माद्या अधिक. आक्रमक जाती असल्याने अंडी उबवू नयेत, काढून नष्ट करावीत.