नव्या माशांसाठी क्वारंटाईन टँक

क्वारंटाईन टँक म्हणजे विकत आणलेले नवे मासे, श्रिंप, गोगलगायी घरच्या मोठ्या टँकात सोडायच्या आधी काही आठवडे वेगळे ठेवायची छोटी टाकी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मासे पाळणारे हिला नुसतं 'क्वारंटाईन' म्हणतात. आजारी माशांची टाकी ती वेगळी, इथं मासा धडधाकट दिसत असतानाच जातो, कारण रोग अंगात असून दिसत नाही हीच सगळी अडचण आहे. दुकानात विचारलं तर 'काय होत नाही बघा, डायरेक्ट सोडा' असं सांगतात, आणि ते मुद्दाम खोटं सांगतात असंही नाही, त्यांच्याकडं मासा आठवडाभरसुद्धा थांबलेला नसतो. चेन्नई, कोलकाता, मुंबईकडनं ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून आलेला मासा आधीच दमलेला असतो, मग दुकानातली गर्दी, मग परत पिशवी, आणि एवढ्या ताणात अंगातली प्रतिकारशक्ती पडली की लपलेला रोग वर येतो.

शब्द आला इटालियन भाषेतल्या 'चाळीस'वरून. रागुसा म्हणजे आजचं दुब्रोवनिक, तिथं १३७७ साली प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा नियम झाला, पुढं व्हेनिसकडं त्याचे ४० दिवस झाले. माशांसाठी साधारण ४ आठवडे धरतात. पण हे दिवस कॅलेंडर बघून मोजून चालत नाही, पाण्याचं तापमान बघून मोजावे लागतात, आणि आमच्या भागात नेमकं हेच राहून जातं.

सगळ्यात जास्त दिसणारा रोग म्हणजे इक. पंखावर रव्याचा दाणा चिकटावा तसा पांढरा ठिपका येतो, आधी एक-दोन, मग अंगभर. हा इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि पाण्यातलं औषध तिथं पोचत नाही. पोसला की गळून तळाला जातो, भोवती कवच करतो, आतल्या आत फुटून शेकडो पिल्लं होतात, ती पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा नाही सापडला तर मरतात. औषध लागू पडतं ते ह्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. २५-२६ डिग्रीला हा सगळा फेरा आठवड्याच्या आत होतो, १५ डिग्रीला दोन-तीन आठवडे खातो, १० डिग्रीला तर महिन्याच्या वर जातो.

आता बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फुटांवर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते आणि ३० लिटरची छोटी टाकी मोठ्या टँकापेक्षा लवकर गार होते. मी एकदा डिसेंबरात ६ निऑन टेट्रा आणले, मागच्या खोलीत हीटर न लावता १२ दिवस ठेवले, सकाळी थर्मामीटर १९ दाखवायचा, एकही ठिपका नाही, म्हणून मोठ्या टँकात सोडले. तिथं पाणी २६ डिग्री. चौथ्या दिवशी निऑनच्या शेपटीवर दाणे, आठव्या दिवशी माझ्या जुन्या लोचवर (लोच म्हणजे तळाशी वावरणारा मासा), आणि ती ५ वर्षांची लोच गेली. १२ दिवस मी मोजले पण त्या थंड पाण्यात रोगाचा एक फेराही धड पुरा झाला नव्हता, तो कल्ल्यात बसून होता. तेव्हापासून हीटर नाही तर क्वारंटाईन नाही असं मी ठरवलंय. अंदाज सोपा, लिटरला साधारण सव्वा वॅट, म्हणजे ४० लिटरला ५० वॅटचा हीटर, २५-२६ वर लावून मग ४ आठवडे मोजायचे. गोल्डफिशला एवढं गरम नको, त्याला पाणी थोडं गार ठेवून दिवस वाढवायचे.

टाकी कसली घ्यायची यावर फार डोकं लावू नये. छोट्या माशांना दीड फुटी काचेची टाकी पुरते, नाहीतर स्वच्छ प्लॅस्टिकचा टब, फक्त त्यात कधी साबण पडलेला नसावा. झाकण हवंच, नवा मासा घाबरून उडी मारतो. तळ उघडा ठेवायचा, वाळू-खडे नाहीत, त्यामुळं विष्ठा दिसते आणि रोज नळीनं तळ ओढून घेतला की इकची गळून पडलेली कवचंसुद्धा बरीचशी बाहेर जातात. लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे टाकायचे. खानापूरच्या मातीच्या भांड्यांचं नाव मोठं, त्यामुळं फुटक्या कुंडीचा तुकडा टाकायचा मोह होतो आणि माशांनाही तो आवडतो, पण कच्ची भाजलेली माती औषध पिऊन घेते, तो तुकडा मोठ्या टँकातच बरा.

खरा जीव आहे तो स्पंज फिल्टरमध्ये, म्हणजे एअर पंपावर चालणाऱ्या आणि स्पंजमधून पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया नव्या टाकीत बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मासे आणल्यावर नवा कोरा स्पंज लावला तर मासा रोगानं नाही, अमोनियानं जातो, आणि लोक म्हणतात क्वारंटाईनमध्येच मेला, उगाच केलं. म्हणून एक जादा स्पंज कायम मोठ्या टँकात चालू ठेवायचा, मासे आणायच्या दिवशी काढून इकडं लावायचा. तरीपण टेस्ट किट जवळ ठेवा, अमोनिया दिसला की ३० टक्के पाणी बदला, खायला कमी घाला. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट जाते ती कधी कधी तासन्तास येत नाही, स्पंजमधले बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय मरायला लागतात, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवलेला बरा.

पाणी राकसकोप-हिडकल धरणांचं, नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन घालायचं. साठवणीच्या टाकीतलं पाणी असेल तरी नळ आलेल्या दिवशी ताजं पाणी त्यात मिसळतं हे विसरू नये. बोरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण ते जड असू शकतं. पिशवी २० मिनिटं तरंगत ठेवायची, थोडं थोडं पाणी मिसळायचं, मग मासा जाळीनं उचलून सोडायचा, पिशवीतलं पाणी मोरीत. जाळी, बादली, नळी ह्या टाकीची वेगळी, एवढं पाळलं नाही तर बाकी सगळं फुकट.

पहिल्या दिवसापासून औषध ओतायची पद्धत मला पटत नाही. आधी बघायचं. रात्री लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, अंगावर सोनेरी धूळ दिसली तर ते वेल्वेट, हाही परजीवीचाच रोग. एकाच कल्ल्यानं श्वास घेतोय, पाईपला अंग घासतोय, तर फ्लूक म्हणजे कल्ल्यावर-कातडीवर चिकटणारे बारीक चपटे जंत, त्याला प्राझिक्वांटेल. गप्पीच्या शेपटीखालून लाल धागे लोंबताना दिसले तर कॅमॅलानस जंत, त्याला लेव्हामिसोल, दोन-तीन आठवड्यांनी परत एक डोस. इकला गरम पाणी आणि मीठ, लिटरला २ ते ३ ग्रॅम, वजन काट्यावर करून. पाणी आटतं पण मीठ आटत नाही, म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही, बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं. लोच आणि कॅटफिशना औषध जास्त झेपत नाही, अर्ध्या डोसपासून सुरुवात करा. तांब्याचं औषध श्रिंप आणि गोगलगायींना मारतं. मिथिलीन ब्लू फिल्टरचे बॅक्टेरिया मारतं. श्रिंप, गोगलगायी, पाणवनस्पती यांना औषधाची गरजच नाही, मासा नसलेल्या कोमट टाकीत ३ आठवडे ठेवलं की इक उपाशी मरतो.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, त्या बाजूच्या ओढ्यांतून पोरं पावसात छोटे मासे पकडून आणतात. भीमगड अभयारण्यातून मासे पकडणं गुन्हा आहे, ते करूच नये. बाकी ओढ्या-तळ्यातल्या माशावर अँकर वर्म येतो, अंगातून धागा बाहेर आलेला आणि मुळाशी लाल सूज, किंवा आरग्युलस म्हणजे माशाची ऊ, जी चपटी आणि जवळजवळ पारदर्शक असते, हलली तरच दिसते. ह्या माशांना मी ६ आठवडे देतो.

काही निघालं नाही तर मासे जाळीनं मोठ्या टँकात, स्पंज टँकाच्याच पाण्यात पिळून परत जागेवर. रोग निघाला असेल तर तो स्पंज टाकून द्यायचा, मोठ्या टँकात पुन्हा न्यायचा नाही. टाकी, जाळी, पाईप धुऊन गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवले की बास, आणि जून ते सप्टेंबर ऊनच नसतं तेव्हा ब्लीचच्या पाण्यात बुडवून, वास जाईपर्यंत धुऊन, शेवटी अँटीक्लोरीनच्या पाण्यातून काढायचे.